बुजगावणं

बुजगावणं मला पहिल्यांदा दिसलं ते जमिनीवरून. मी बांधाच्या कडेला आडवी, तोंडात माती, डाव्या कोपराखाली हरळीचा गुंता आणि डोक्यावर हुरड्याला आलेली ज्वारी. त्या ताटांमधून ते माझ्याकडे बघत होतं. मडक्याचं डोकं, चुन्याने काढलेले वाटोळे डोळे, अंगात मामेभावाच्या मुलाचा शाळेतला निळा टीशर्ट, पाठीवर दहा नंबर. हातांच्या काठीला बांधलेली चमकी पट्टी वाऱ्यावर गुणगुणत होती. मैना तीस पावलांवर उभी होती. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, दोन्ही कान मडक्यावर रोखलेले, लगाम पुढच्या पायाशी लोंबतोय. मागून घोडी सांभाळणारे आबा चालत आले. ते धावले नाहीत, हे तेव्हा मला जरा लागलंच. त्यांनी आधी घोडीचा लगाम उचलला, तिच्या पायांवरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळले. “ताई, मूठ कशापायी आवळली?”

“बुजगावणं बघून बुजली ना ती!” मी माती थुंकत म्हटलं.

“तिचं न्हाई इचारलं. तुमची मूठ आदी आवळली, घोडी मागनं थांबली. तुमाला कधी दिसलं ते?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मला ते आत्ता दिसलं होतं, पडल्यावर.

कोपर आठवड्याभरात बरं झालं. प्रश्न मात्र राहिला. मी पुण्याला परत आले, भांडी घासली, गॅसचा नंबर लावला, आणि मध्येच हात थांबून मनात यायचं, मूठ आधी, घोडी नंतर. असं असेल तर मूठ कशाला बघून आवळली?

बुजगावणं हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण त्यातलं बुजणं मला त्या दिवशी ऐकू आलं. बुजवतं ते बुजगावणं. बुजतो तो बुजरा. घरी पाहुणे आले की आईच्या पदराआड जाणारं पोरही बुजरं आणि कागदाचा कपटा उडाला म्हणून आडवं पळणारं घोडंही बुजरं. भित्रा वेगळा. भित्र्याला आपण कशाला भितो हे बहुतेक ठाऊक असतं. बुजणाऱ्याला काही ठाऊक होण्याआधीच त्याचं अंग निघालेलं असतं. ज्यांच्यासाठी हे ध्यान उभं केलं होतं ते पक्षी मात्र खुशाल कणसं टिपत होते आणि एक होला तर मडक्यावरच बसला होता. मी आणि मैना, दोघीच फक्त त्याच्या कामी आलो.

मैना मामेभावाची. गेल्या दत्तजयंतीला तो सारंगखेड्याला नुसती यात्रा बघायला म्हणून गेला आणि तापीकाठच्या त्या घोडेबाजारातून हिला घेऊन आला. नुसतं बघायला गेलेली माणसं कशी परत येतात हे वहिनीला लग्नापासून माहीत आहे, त्यामुळे ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गूळ घेऊन गोठ्यात गेली. दातांवरून साडेतीन वर्षांची, तेल्या कुमैत म्हणजे गडद तपकिरी रंगाची, मारवाडी वळणाची वछेरी, म्हणजे तरुण घोडी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, जणू डोक्यावर कुणी महिरप काढलीय. बाजारात तिच्यावर स्वार बसवून रवाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी चाल दाखवली होती. हलगी वाजली तर ही जागच्या जागी पाय नाचवायची. भावाला वाटलं, एवढ्या गोंगाटात न बिचकणारी घोडी आपल्या शेतावर काय बिचकणार?

इथेच तो फसला. मीही फसले असते. गोंगाटाची तिला सवयच होती. ढोल, भोंगे, हजार माणसं, शेजारी ओळीने शंभर घोडी. तिला सवय नव्हती ती शांततेची. दोन्हीकडे उभं पीक, मध्ये पांदी, आजूबाजूला आपल्या जातीचं कुणी नाही, आणि अशात एखादीच गोष्ट हलते. युरियाची पांढरी रिकामी गोणी. ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं. ओढ्यावरच्या मोरीवर तिच्याच टापांचा येणारा पोकळ आवाज. जेसीबीशेजारून ती शेपूट हलवत गेली, आणि वहिनीने कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीला बघून घामाघूम झाली.

मी घोड्यावर बसायला शिकले चव्वेचाळिसाव्या वर्षी, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर. पुण्यात दोन वर्षं कुंपणाच्या आत गोल गोल फिरले. तिथली घोडी म्हातारी आणि समजूतदार, पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखी. नव्या माणसाची चूक ती स्वतःच पोटात घालायची. मला ते माझं कसब वाटलं. म्हणून दर शनिवार-रविवारी दौंडकडे जाऊन मैनावर बसायचं मी आनंदाने कबूल केलं. आबा तिथे आधीपासून होते. उमेदीची तीस वर्षं शर्यतीच्या घोड्यांचा खरारा करण्यात गेली, आता गावी आलेले. माझं पडणं त्यांच्या दृष्टीने फारशी मोठी घटना नव्हती. पण दुसऱ्या शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी खोगीर चढवूच दिलं नाही.

आधी त्यांनी मैनाच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, बोटं दाबत नेली. कुठे ती अंग चोरते का, ते बघायला. दुखणं असलं तर बुजणं हे नुसतं निमित्त असतं, म्हणाले. मग तंगाखालची, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखालची कातडी बघितली. मग भावाला विचारलं, चंदी, म्हणजे दाणा, किती देताय? भाऊ अभिमानाने म्हणाला, भिजवलेले हरभरे सकाळ-संध्याकाळ, वर ओट्स. आणि काम? शनिवार-रविवार, ताई आल्यावर. आबांनी कपाळावर हात मारला. “पाच दिस शेटाचं खानं नि बांदलेली. सहाव्या दिशी ती हवेत न्हाई उडनार तर काय करंल?” त्याच दिवशी हरभरा निम्म्यावर आला, कडबा आणि गवत वाढलं, आणि गोठ्यामागचा पडीक वाफा कुंपण घालून तिला मोकळं फिरायला मिळाला. निम्मं बुजरेपण तर या हिशेबातच गेलं. यात काही गूढ नव्हतं, त्यामुळे माझी जरा निराशाच झाली.

मग पंधरा दिवस मी तिच्यावर बसलेच नाही. तोंडावरच्या मोहरकीला बागडोर, म्हणजे धरून न्यायची लांब दोरी, लावून तिच्या खांद्याशी चालायचं, तीच पांदी, तीच मोरी, तीच गोणी. घोड्याचे डोळे जमिनीवरच्या प्राण्यांत सगळ्यांत मोठे म्हणावेत असे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना. जवळजवळ सगळं वर्तुळ त्याला दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं. पण इतकं सगळं दिसतं याचा अर्थ इतकं सगळं नीट दिसतं असा नाही. कडेला काहीतरी हललं एवढं आधी कळतं. ते काय आहे, ते मान वळवून, डोकं वर-खाली करून बघितल्याशिवाय उमगत नाही. आपण नेमके त्याच वेळी लगाम खेचून त्याची मान बांधतो. बघूही देत नाही आणि पळूही देत नाही. त्या जागी मी असते तर मीही स्वाराला पाडलं असतं.

आबांची रीत अशी. गोणी दिसली, मैनाचे कान उभे राहिले, की तिथेच थांबायचं. वीस पावलं तर वीस पावलं. पुढे ओढायचं नाही. तिला बघू द्यायचं. आपण गोणीकडे बघायचं नाही, पलीकडच्या कडुलिंबाकडे बघायचं. थोड्या वेळाने ती मान खाली घालते, जबडा चघळल्यासारखा हलवते, नाकातून लांब फुर्रर्र करते. तेवढं झालं की पाठ फिरवून तिला दहा पावलं लांब न्यायचं. हे मला आधी उलटं वाटलं. जिंकत आलेली जागा सोडून मागे कशाला यायचं? पण आबांचं म्हणणं, लांब जाता येतं हे तिला कळलं की जवळ जायला तिची ना नसते. मग पुन्हा जवळ, या वेळी पंधरा पावलं. मग आपण स्वतः जाऊन गोणी हाताळायची, तुडवायची, चुरगाळायची. तिसऱ्या दिवशी मैनाने गोणीला नाक लावलं आणि चौथ्या दिवशी ती दातांत धरून पळवली.

पुढे कधीतरी वाचनात आलं की झेनोफॉन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी जवळपास हेच लिहून ठेवलंय. घोडा कशाला बिचकला तर त्याला मारून पुढे रेटू नये, आपण त्या वस्तूला हात लावावा आणि त्याला गोडीने जवळ न्यावं. मारलं तर तो मारही त्या वस्तूच्याच खात्यावर मांडतो. मी आबांना हे सांगितलं. “हुशार दिसतोय,” ते म्हणाले, आणि लीद भरायला गेले.

खात्यावर मांडणं. बँकेत इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? त्या एका वाक्यापाशी मात्र मी अडकले, आणि मला एकाएकी बोका आठवला.

मी मांजराला घाबरते. शेजारणीची पांढरी, म्हातारी, जवळजवळ आंधळी मांजर दारात दिसली तरी मी पाय वर घेते. घरात हा चेष्टेचा विषय आहे. घोड्यावर बसणारी बाई आणि मांजराला भिते! याचं मूळ सोलापुरात, आमच्या शाळेच्या वाटेवरच्या एका किराणा दुकानात. दुकानाच्या पायरीवर तांदळाच्या पोत्याला टेकून एक मोठा पिवळा बोका बसायचा. आई मला शाळेत सोडायला न्यायची. तिचा हात मऊ, थोडा ओलसर, जाईच्या पावडरीचा वास. तो कोपरा आला की तो हात दगड व्हायचा. माझी बोटं एकमेकांवर चढायची. आई बोलता बोलता गप्प व्हायची, चाल वाढायची, आणि दुकान मागे पडलं की हात पुन्हा मऊ. मी सहा वर्षांची. मी आजूबाजूला बघितलं, आईसारखी बाई कशाला भीत असेल? तिथे मला बोका दिसला. हिरवे डोळे, फाटका कान. झालं. मला कारण मिळालं. आजतागायत ते माझ्याजवळ आहे.

चाळीस वर्षांनी एकदा आईसमोर तिच्या भावाची मुलं मला मांजरावरून चिडवत होती, तेव्हा मी म्हटलं, “हिच्यामुळे. हीच त्या बोक्याला घाबरायची.” आई गोंधळली. कोणता बोका? मी दुकान सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग हसली, पण नेहमीसारखी नाही. म्हणाली, “अगं, त्याच्याकडे उधारी होती आपली. एकशेचाळीस रुपये. तुझ्या बाबांची गिरणी बंद होती ना. तो हाक मारेल म्हणून जीव मुठीत धरून जायचे मी.”

जीव मुठीत. आणि त्या मुठीत माझा हात.

बोका बिचारा पोत्यावर झोपलेला होता.

हे आठवलं त्या रात्री मी दौंडलाच होते. अंगणात बाजेवर पडून मी पांदीचा रस्ता मनातल्या मनात पुन्हा चालले. गोठा, विहीर, मोरी, कडुलिंब, ज्वारी, बुजगावणं. आणि त्याच्या पुढे? पुढे शंभरेक पावलांवर पांदी डांबरी रस्त्याला मिळते. हंगामात त्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर दिसेल तेवढा ऊस, पुढे कानठळ्या बसवणारी गाणी. मी गोठ्यातून निघाल्यापासून त्या रस्त्याचाच विचार करत होते. ट्रॅक्टर आला तर? घसरली तर? ज्वारीपाशी वळण आहे, तिथून डांबर दिसतं. मला डांबर दिसलं आणि मूठ आवळली. मैनाला लगामातून कळलं, बाईचा हात दगड झालाय, इथे काहीतरी आहे. तिने मान वर करून शोधलं. तिला मडक्याचं डोकं दिसलं.

आबांना हे सकाळी सांगितलं तर ते नुसतं “हां” म्हणाले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण सांगून उपयोग नव्हता म्हणे.

स्वीडनमधल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याची परीक्षा घेतलेली आहे. माणसांनी घोडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चार वेळा न्यायचा, कधी हातात धरून, कधी वर बसून. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगितलं, आता तुम्ही पुढून जाल तेव्हा एक छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही. पण त्या फेरीत माणसांच्या छातीचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. घोड्याला छत्रीचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. शांत उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला साधारण तीस ते चाळीस वेळा धडधडतं, आपल्या निम्म्याने. एवढं सावकाश काळीज आणि आपल्या नसलेल्या छत्रीपायी धावायला लागतं. मला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. माझ्या आत काय चाललंय ते इतकं नीट ओळखणारं घरात दुसरं कुणी नाही.

पण मूठ सैल ठेव म्हटल्याने मूठ सैल होत नाही. “रिलॅक्स” असं पुण्यातल्या शिक्षकाने मला दोन वर्षांत हजारदा सांगितलं असेल आणि दर वेळी मी आणखी आखडले असेन. आबांनी वेगळीच युक्ती काढली. म्हणाले, श्वास धरून ठेवता तुमी, तोंडानं कायतरी म्हनत चला. गाणं म्हणायची मला लाज वाटली. शेवटी मी पाढे निवडले. सोपे चालत नाहीत, ते तोंड आपोआप म्हणतं आणि डोकं मोकळं राहून ट्रॅक्टरकडे जातं. म्हणून एकोणतीसचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, आणि चोकापाशी मी दर वेळी अडकते. अडकलं की मोठा श्वास सुटतो. तो सुटला की मांडीचा ताण सुटतो, कंबर खोगिरात बसते, आणि मैनाची मान दोन बोटं खाली येते. तिसरीतल्या बाईंनी छडी मारून शिकवलेला पाढा असा कामी येईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

एक गोष्ट मात्र आबांनी शिकवली नाही, ती आम्ही दोघींनी रस्त्यात बघितली. शेजारच्या तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवली होती. एका सकाळी धनगरांचा बाडबिस्तरा हलला. पुढे एक ठेंगणी, मळकट रंगाची घोडी. पाठीवर वाकळा, पातेली, ताराची जाळी, वर उलट्या बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्यावर एक नवं जन्मलेलं कोकरू. चालताना पातेली वाजतात, कोंबड्या फडफडतात, कुत्री पायातून धावतात. ती घोडी मान खाली घालून चालली होती, बाजारहाट उरकून घरी निघालेल्या बाईसारखी. तिच्या पोटाला चिकटून सहा-सात महिन्यांचं शिंगरू. पातेलं खणकलं की त्याचा कान हले, ते आईकडे बघे, आईचं पाऊल तसंच पडे, आणि ते पुन्हा चालू लागे. बस्स. एवढीच त्याची शाळा. हीच ती भीमा-नीरेकाठची भीमथडी घोडी. मराठ्यांच्या फौजा जिच्यावर देशभर फिरल्या म्हणून आपण पोवाडे गातो आणि रस्त्यात दिसली तर तट्टू म्हणून बाजूला होतो. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा कुठे तिचा फोटो वर्तमानपत्रात आला.

मैना त्या घोडीला बघून खिंकाळली. ती थांबली नाही. तिला काम होतं. आबांनी मला खूण केली आणि आम्ही दोघी पंधरा पावलं अंतर ठेवून तिच्या मागे लागलो. मोरी आली, कडुलिंब गेला, ज्वारी आली. बुजगावण्याची पट्टी गुणगुणली. मैनाचा एक डोळा तिकडे फिरला, पाठ माझ्याखाली क्षणभर ताठ झाली. अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. पुढच्या घोडीची शेपूट लयीत हलत होती. मैना चालत राहिली. डांबरी रस्त्याला धनगरणीने मागे वळून बघितलं आणि विचारलं, “काय म्हनतीस गं बाय एवढं? मंत्र हाय का?” मी हो म्हटलं.

परत येताना तेच बुजगावणं दुसऱ्या बाजूने आलं, दहा नंबर दाखवत. मैनाच्या लेखी हा वेगळाच माणूस होता. ती अर्धी पांदी ओलांडून आडवी सरकली, आणि मी आयाळ धरून कशीबशी वर राहिले. आबा हसून म्हणाले, “ह्यो भाऊ हाय त्याचा. ह्याची बी वळख करून द्या.” मी उतरले, बागडोर घेतली आणि वीस पावलांपासून पुन्हा सुरुवात केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्वारी काढली. बुजगावण्याचं मडकं कुणी फोडलं ठाऊक नाही, टीशर्टाने आता ट्रॅक्टरची काच पुसली जाते. मागच्या रविवारी आम्ही तिथून गेलो. दोन्हीकडे नुसती धसकटं, बांधावर कडब्याच्या पेंढ्या, आणि वळणावरून डांबर आता लांबूनच दिसतं. मैना लगाम लांब करून, डुलत चालली होती. मडक्याच्या जागेकडे तिने बघितलंही नाही. मी बघितलं. करंगळी आपोआप आवळली.

मैनाचा एक कान मागे, माझ्याकडे वळला.

“काही नाही गं,” मी म्हटलं, आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला. चोकापाशी अडकले.